लिम्फोमासाठी रेडिएशन: मशीनला पाचपैकी पाच, समजावून सांगण्याला दोन

दादाचं रेडिएशन संपल्यावर सेंटरकडून फीडबॅकची लिंक आली, त्यात नुसते स्टार द्यायचे, लिहायला जागाच नाही, म्हणून इथे लिहितेय. सेंटरचं नाव टाकत नाही कारण माझी तक्रार एका सेंटरपुरती आहे असं मला आता वाटत नाही, आणि जे चांगलं आहे तेही बहुतेक ठिकाणी तसंच असणार. आजार डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर), छातीच्या मधोमध मोठी गाठ, केमोने बरीचशी गेली पण पेट स्कॅनमध्ये (यात जिवंत, भरपूर साखर खाणारा आजार चमकतो) एक कोपरा चमकतच राहिला, तेवढ्यासाठी रेडिएशन. थोडक्यात सांगायचं तर मशीन, टेक्निशियन, प्लॅनिंग एकदम टॉप. पण काही पेशी रेडिएशनला दाद देत नाहीत त्या का देत नाहीत, आणि आपल्या माणसाच्या तशा असू शकतात का, हे आधी कोणी नीट सांगत नाही आणि नंतर सांगतात तेही अर्धवट.

आधी चांगलं लिहिते. प्लॅनिंग सीटीच्या दिवशी छातीवर सुईच्या टोकाएवढे ठिपके गोंदतात, रोज त्याच पोझिशनमध्ये झोपवता यावं म्हणून. गाठ हृदयाला लागून होती त्यामुळे श्वास रोखून ट्रीटमेंट. पोटावर एक छोटा डबा ठेवतात, वरचा कॅमेरा तो डबा किती उचलला जातोय ते बघत असतो, आणि पेशंटच्या गॉगलमध्ये एक पट्टी दिसते, श्वास घेतला की ती वर सरकते, हिरव्या चौकटीत आली की तिथेच धरून ठेवायची, चौकटीबाहेर गेली की बीम आपोआप थांबतो. स्पीकरवरून आवाज, "काका, श्वास घ्या... धरा... सोडा." दादाला काका म्हटल्याचा राग आजारापेक्षा जास्त होता, ते असो. भरून श्वास घेतला की फुप्फुसं फुगतात आणि हृदय खाली, बीमपासून लांब सरकतं, एवढ्याशा गोष्टीने हृदयावरचा डोस कमी होतो. रेडिएशनच्या डॉक्टर मॅडमनी दोन्ही प्लॅन स्क्रीनवर शेजारी शेजारी लावून दाखवले, श्वास रोखून आणि न रोखता, डोसच्या रंगीत रेषा हृदयावरून कशा मागे सरकल्यात ते आमच्यासारख्यांनाही दिसत होतं. याला पैकीच्या पैकी मार्क.

रोज बीमच्या आधी त्याच मशीनवर छोटा स्कॅन, मग टेबल काही मिलिमीटर इकडेतिकडे, मग बीम. काही दुखत नाही, गरम लागत नाही. लागणारच नाही म्हणा, रेडिएशनचा डोस ग्रेमध्ये मोजतात, १ ग्रे म्हणजे किलोमागे १ ज्यूल एवढीच ऊर्जा असते, ४ ग्रे एका दमात अख्ख्या शरीराला दिले तर माणूस दगावू शकतो पण अंगाचं तापमान वाढेल ते एका अंशाच्या साधारण हजाराव्या भागाएवढं. म्हणजे एवढ्या किरकोळ ऊर्जेने जे काही होतं ते ती डीएनएवर पडते म्हणून होतं. हे मला सेंटरमध्ये कोणी सांगितलं नाही, नंतर स्वतः वाचून आणि ओळखीच्या एका मेडिकल फिजिसिस्टला (रेडिएशनच्या डोसचा हिशोब करणारे) पिडून कळलं, आणि या रिव्ह्यूचा पुढचा भाग त्याच माहितीवर आहे.

तर तक्रार. पहिल्या भेटीत वाक्य ऐकलं, "लिम्फोमा ना, रेडिएशनने बर्फासारखा वितळतो, काळजी करू नका." वाक्य खोटं अजिबात नाही. घशाच्या किंवा तोंडाच्या नेहमीच्या कॅन्सरला ७० ग्रे लागतात तिथे सुरुवातीच्या स्टेजच्या हॉजकिन लिम्फोमाला, कमी जोखमीचा असेल तर, दोन सायकल केमोनंतर २० ग्रे पुरतात, हे जर्मन ग्रुपच्या एचडी-१० ट्रायलने दाखवलं, २०१० ला छापून आलं. फॉलिक्युलर लिम्फोमात तर अजून मजा आहे. ब्रिटनमधल्या फोर्ट ट्रायलमध्ये काहींना २४ ग्रे दिले आणि काहींना फक्त ४ ग्रे, दोन सिटिंगमध्ये, आणि त्या ४ ग्रेवाल्यांमध्येसुद्धा साधारण ८० टक्के जागी गाठ कमी झाली किंवा गेली. २४ ग्रेला जास्त टिकाऊ रिझल्ट मिळाला हे खरं, पण ४ ग्रे म्हणजे काय, घशाच्या कॅन्सरवाल्याच्या पहिल्या दोन दिवसांचा डोस!

याचं कारण लिम्फोसाइट ही पेशीच मुळात हळवी आहे. १९०६ साली बर्गोनिए आणि ट्रिबाँडो या दोन फ्रेंच लोकांनी नियम मांडला होता की ज्या पेशी भराभर वाढतात त्या रेडिएशनने जास्त मरतात, आणि लिम्फोसाइट त्या नियमाला सरळ अपवाद, शांत बसलेली, न वाढणारी असली तरी थोड्याशा डोसने काही तासांत मरते. १ ग्रेने एका पेशीत डीएनएचे दोन्ही धागे साधारण २० ते ४० ठिकाणी तुटतात. बाकी बऱ्याच पेशी थांबतात, जोडायचा प्रयत्न करतात, आणि जमलं नाही तर पुढे विभाजन करताना मरतात. लिम्फोसाइट तेवढं थांबतच नाही. एटीएम नावाचं प्रोटीन तुटलेलं ओळखतं, पी-५३ ला उठवतं, पी-५३ मायटोकाँड्रियातला मरणाचा खटका दाबतं, खेळ खल्लास. शरीराच्या दृष्टीने बरोबरच आहे, बिघडलेली इम्यून पेशी जगवण्यापेक्षा मारलेली बरी.

आता यात अडचण काय ते बघा, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला म्हणून जरा लांबवते. बी-सेल, म्हणजे अँटिबॉडी बनवणारी लिम्फोसाइट, ही आपली अशी पेशी आहे जी स्वतःचाच डीएनए मुद्दाम तोडते. नवीन नवीन अँटिबॉडी बनवायच्या तर जीन कापून जोडायला लागतात, मग लिम्फ नोडमधल्या जर्मिनल सेंटरमध्ये (बी-सेल जिथे तयार होऊन निवडल्या जातात ती जागा) एड नावाचं एन्झाइम त्याच जीनमध्ये पुन्हा मुद्दाम चुका करतं, म्हणजे अँटिबॉडी आणखी घट्ट चिकटणारी निघावी. एवढी तोडफोड चालू असताना पी-५३ जर प्रत्येक तुकड्याला बोंब मारायला लागलं तर एकही पेशी वाचणार नाही, म्हणून तिथे बीसीएल-६ नावाचं प्रोटीन पी-५३ ला तेवढ्यापुरतं गप्प करून ठेवतं. काम झालं की बीसीएल-६ बंद व्हायचं असतं. लार्ज बी-सेल लिम्फोमातला मोठा हिस्सा याच जर्मिनल सेंटरमधून निघालेला असतो आणि बऱ्याच जणांत बीसीएल-६ चालूच राहिलेलं असतं. म्हणजे तुटका डीएनए घेऊन न मरता फिरायची कला या पेशी कॅन्सर व्हायच्या आधीच शिकलेल्या असतात. रेडिएशन त्यांना नवीन काहीच करत नाही, त्यांना सवय असलेलीच गोष्ट जास्त जोरात करतं. हे वाचल्यावर मला खरं तर उलट प्रश्न पडला, की मग इतक्या मरतात कशा?

आणि त्यावर ज्यांचा पी-५३ चा जीनच बिघडलाय (लार्ज बी-सेलमध्ये साधारण पाचातल्या एकाचा), त्यांच्यात तर खटका दाबणारा हातच नाही. अशा पेशी रेडिएशनने मरतच नाहीत असं नाही, विभाजन करायला गेल्या की तुटक्या क्रोमोसोमचा गोंधळ होऊन मरू शकतात, पण त्या हळू मरतात, आणि मधल्या वेळात काहीजणी जोडाजोड करून निसटतात. काहींमध्ये पी-५३ ठीक असतं पण पुढचा रस्ता बंद, बीसीएल-२ किंवा एमसीएल-१ सारखी प्रोटीन मायटोकाँड्रियावर पहारा देत बसलेली. काहींमध्ये एनएफ-कप्पा-बी हा जगण्याचा सिग्नल कायमचा ऑन, आणि गंमत म्हणजे रेडिएशनने तो अजून चढतो, कारण तुटलेल्या डीएनएचा निरोप नेणारं तेच एटीएम त्यालाही उठवतं. एकच निरोप्या, दोन घरी दोन उलट निरोप.

पण इथे एक सावधान. कोणी एका जीनवर बोट ठेवून सांगत असेल की हा पॉझिटिव्ह म्हणजे रेडिएशन चालणार नाही, तर लगेच मान डोलवू नका. फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेक सगळ्यांमध्ये बीसीएल-२ भरपूर असतं, आणि तोच ४ ग्रेला वितळणारा! हॉजकिनच्या रीड-स्टर्नबर्ग पेशींमध्ये (त्यातल्या मूळ कॅन्सर पेशी) एनएफ-कप्पा-बी कायम चालू असतं आणि त्याला २० ग्रे पुरतात. एका खुणेवरून निकाल लागत नाही, म्हणूनच बहुधा डॉक्टर आधी काही बोलायला धजत नाहीत. हे मी समजू शकते. पण मग "आधी सांगता येत नाही" एवढं तरी सांगा की, बर्फाच्या गोष्टी कशाला.

केमोनंतर उरलेल्या पेशींचं वेगळंच. आर-चॉप या लार्ज बी-सेलच्या नेहमीच्या केमोमधलं डॉक्सोरुबिसिन (ते लाल औषध) डीएनएच तोडतं. त्याच्या सगळ्या सायकल पचवून ज्या पेशी उभ्या आहेत त्या चाळणीतून निघालेल्या आहेत, डीएनए तुटल्यावर न मरणाऱ्याच जास्त करून मागे राहिल्या. म्हणून केमोने पूर्ण साफ झालेल्याला ३० ग्रे पुरतात आणि दादासारख्याला ४० च्या पुढे जावं लागतं. पण हेही दरवेळी खरं नाही. नाकातला एनके/टी-सेल लिम्फोमा घ्या, त्याच्या पेशींवर औषध बाहेर फेकणारा पंप असतो, त्यामुळे डॉक्सोरुबिसिनवाली केमो तिथे फिकी पडते, पण रेडिएशन काही पंपाने बाहेर फेकता येत नाही, तिथे ५० ग्रे किंवा जास्त दिले की चांगला कंट्रोल मिळतो. म्हणजे केमो फेल म्हणून रेडिएशन फेल हा हिशोब चुकीचा.

मोठ्या गाठीचा प्रॉब्लेम अजून वेगळा, तो पेशीच्या आत नसून ती पेशी बसलीय कुठे याचा आहे. एक्स-रे बहुतेक वेळा थेट डीएनएला लागत नाही, आजूबाजूच्या पाण्याला लागतो, पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, ते डीएनएला ओरबाडतात. तिथे ऑक्सिजन हजर असला तर ती जखम पक्की होते, नसला तर पेशीतले ग्लुटाथायोनसारखे पदार्थ तिला लगेच भरून काढू शकतात. फरक किती, तर बिनऑक्सिजनच्या पेशीला मारायला साधारण अडीच ते तीन पट डोस. हे १९५३ मध्ये ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, हो तेच ग्रे ज्यांच्या नावाने आपण डोस मोजतो. आणि रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन पोचतो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या थोडं पुढेपर्यंत, गाठ भराभर वाढली आणि रक्तवाहिन्या मागे पडल्या की मधले पट्टे उपाशी. रोज थोडं थोडं देण्यामागे हेही एक कारण आहे, वरच्या पेशी मेल्या की आतल्यांना ऑक्सिजन मिळतो आणि पुढच्या सिटिंगला त्या तावडीत येतात. शिवाय पेशी विभाजनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यावरही असतं, डीएनएची कॉपी बनत आली की दुरुस्तीला नमुना शेजारीच हजर असतो म्हणून तेव्हा ती सगळ्यात चिवट. आज सुटलेली उद्या सापडते.

आता आकडे, कारण फिजिसिस्टने हे कागदावर करून दाखवलं तेव्हा माझी ट्यूब पेटली. गाठीत समजा १०० कोटी पेशी आहेत. २ ग्रेच्या एका सिटिंगमध्ये १०० पैकी ३० जगतात असं धरा, दुसऱ्या दिवशी त्या उरलेल्यांतल्या १०० पैकी पुन्हा ३० जगतात, असं करत १५ सिटिंग म्हणजे ३० ग्रे झाले की उरतात सरासरी १४ पेशी. अख्ख्या गाठीतून १४! आता पेशी जरा चिवट आहेत, १०० पैकी ६० जगतात असं धरा, बाकी सगळं तेच. १५ सिटिंगनंतर उरतात सुमारे ४ लाख ७० हजार. रोजच्या हिशोबात फरक फक्त दुपटीचा आणि शेवटी हा निकाल. आणि पेट स्कॅनमध्ये दोन्ही पेशंट सारखेच स्वच्छ दिसू शकतात, ४ लाख पेशी स्कॅनच्या नजरेला काहीच नाहीत. त्या चिवट गाठीला १४ च्या आसपास आणायचं तर ३५ सिटिंग, ७० ग्रे, आणि छातीत हृदय, फुप्फुस, अन्ननलिका मध्ये असताना एवढं द्यायला कोणी धजणार नाही. (हा हिशोब समजण्यापुरता आहे, खऱ्या गाठीत सगळ्या पेशी एकसारख्या नसतात आणि मधल्या वेळात वाढतातही.) एवढं कागदावर पाच मिनिटांत होतं. सेंटरमध्ये वेटिंग रूमला आम्ही किती तास काढले ते सोडा, त्या भिंतीवर हसऱ्या कुटुंबांच्या पोस्टरऐवजी हे लावलं असतं तरी चाललं असतं.

नंतरचा स्कॅन. रिसेप्शनने दिलेली पेटची तारीख फारच लवकरची होती, मॅडमनीच ती पुढे ढकलली, रेडिएशननंतर ८ ते १२ आठवडे थांबायचं असतं कारण भाजल्यासारखी सूज येते आणि ती सूजही पेटमध्ये चमकते, उगाच घाबरायला होतं. याचा एक स्टार जास्त. स्कॅन आला, डोव्हिल स्कोअर (पेटमधली चमक १ ते ५ मध्ये मोजतात तो) ५, म्हणजे तो कोपरा लिव्हरपेक्षा बराच जास्त चमकतोय. आणि तिथे एका ज्युनिअर डॉक्टरांनी एका वाक्यात उरकलं, "काही पेशी रेझिस्टंट असतात." बस. दादा आणि वहिनी दोघं गप्प. मला मात्र तेवढ्यावर उठायचं नव्हतं, कारण गाठ उरणं किंवा परत येणं याचे निदान तीन वेगळे अर्थ असू शकतात, नुसती सूज असेल, बीमच्या कडेला किंवा बाहेर राहिलेला आजार असेल (म्हणजे पेशींचा दोष नाही, त्यांना डोस मिळालाच नाही), किंवा पूर्ण डोस खाऊन जगलेल्या पेशी असतील, आणि तिन्हींचा पुढचा रस्ता वेगळा.

म्हणून मी मॅडमना म्हटलं की नवीन पेट जुन्या प्लॅनवर ठेवून दाखवा ना. मॅडमनी तिथल्या फिजिसिस्टला बोलावलं, दहा मिनिटांत स्क्रीनवर झालं. चमकणारा ठिपका लाल रेषेच्या बराच आत, म्हणजे पूर्ण डोस मिळालेल्या जागी. मग सुईने बायोप्सी, जिवंत लिम्फोमा, आणि टेस्टमध्ये पी-५३ बिघडलेलं. बातमी वाईटच, पण निदान आता काय समोर आहे ते कळलं. हे दहा मिनिटांचं काम न मागता का होत नाही, हा माझा प्रश्न आहे आणि तीन स्टार यासाठीच कापलेत.

आता प्रोटॉनबद्दल (एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचा बीम), कारण नातेवाइकांपैकी प्रत्येकाने फोन करून तेच सुचवलं. प्रोटॉन चांगलं आहे, गाठीच्या मागच्या भागांना डोस कमी जातो, छातीतल्या लिम्फोमात तरुण पेशंटला त्याचा उपयोग होऊ शकतो. पण चिवट पेशी मारायचा त्याचा जोर नेहमीच्या एक्स-रेच्या साधारण १.१ पट एवढाच धरतात. पी-५३ नसलेल्या पेशीला समोर प्रोटॉन आलाय की एक्स-रे याने फारसा फरक पडत नाही. कार्बन आयनचा मारा जास्त कडक असतो आणि तो ऑक्सिजनवरही कमी अवलंबून असतो, पण ती मशीन जगातच मोजकी आहेत आणि लिम्फोमासाठी ती नेहमीची ट्रीटमेंट नाही. त्यामुळे "रेझिस्टंट आहे ना, मग प्रोटॉन घ्या" असं कोणी विकत असेल तर जरा थांबा. एटीएम, डीएनए-पीके या तुटलेला डीएनए दुरुस्त करवणाऱ्या प्रोटीनना अडवणारी औषधं रेडिएशनसोबत देऊन दुरुस्तीच मोडायची यावर काम चालू आहे, बीसीएल-२ अडवणारं व्हेनेटोक्लॅक्सही त्याच विचाराने बघतात, पण रोजच्या वापरात अजून नाही. दादासाठी आता कार-टीचं (पेशंटच्याच टी-सेल बदलून परत देतात ती ट्रीटमेंट) चाललंय, २०१७ पासून लार्ज बी-सेलसाठी ते अमेरिकेत मंजूर आहे, तिथे टी-सेल थेट पेशीला जाऊन मारतात, डीएनए तोडण्यावर सगळं अडून नसतं. आणि रेडिएशन वाया गेलं असंही नाही, गाठ बरीच लहान झाली, श्वास मोकळा झाला, रात्री आडवं झोपता येतं.

साइड इफेक्ट सांगायचे तर गिळताना घसा आणि छाती दुखणं, शेवटी शेवटी थकवा, संपल्यावर काही आठवड्यांत गेलं. स्टाफ नम्र, पार्किंग भयंकर. छातीतला किंवा मानेतला लिम्फोमा असेल तर या ट्रीटमेंटला घाबरू नका, बहुतेकांचा खरंच वितळतो.

आणि संपल्यावर एक काम नक्की करा, प्लॅन आणि डोसची पूर्ण फाईल डायकॉम फॉरमॅटमध्ये (मेडिकल स्कॅन-प्लॅनच्या फाईलचा ठरलेला प्रकार) सीडीवर मागून घ्या. डिस्चार्जच्या कागदावर फक्त एकूण ग्रे आणि सिटिंग लिहिलेल्या असतात, हृदयाला किती गेलं, फुप्फुसाला किती गेलं ते नसतं, आणि पुढे दुसऱ्या ठिकाणी गेलात तर तिथले डॉक्टर पहिलं तेच विचारतात. आम्हाला ती सीडी अर्ज केल्यावर दुसऱ्या दिवशी मिळाली.